‘कृपा’ आणि ‘वेतन’ : मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील एका संकल्पनेचा अर्थविचार

नारायण वामन टिळक, पंडिता रमाबाई आणि लक्ष्मीबाई टिळक हे लेखक मराठीच्या पदव्युत्तर अभ्यासात येतात ते बहुधा आत्मकथन, स्त्रीसुधारणा अथवा आधुनिक कविता या संदर्भांत. ज्या श्रद्धेने त्यांच्या आयुष्याची दिशा बदलली तिच्या आशयाकडे मात्र वर्गात फारसे लक्ष दिले जात नाही. त्यामागे अनास्थेपेक्षा एक भाषिक सोय अधिक आहे. या लेखकांच्या श्रद्धेच्या केंद्रस्थानी असलेला ‘कृपा’ हा शब्द मराठी वाचकाला इतका ओळखीचा आहे की त्याचा वेगळा अर्थ लावण्याची गरजच भासत नाही. येथेच वाचनाची गफलत सुरू होते. मराठी ख्रिस्ती वाङ्मयातील कृपा समजून घ्यायची असेल तर तिचा विरुद्धार्थी शब्द कोणता, हा प्रश्न आधी विचारला पाहिजे.

रूढ मराठीत या प्रश्नाचे उत्तर ‘अवकृपा’ किंवा ‘कोप’ असे येईल. देवाची कृपा झाली म्हणजे पाऊस पडला, पीक आले, मूल जगले. कोप झाला म्हणजे दुष्काळ, रोगराई. ‘आपल्या कृपेने सर्व क्षेम’ हा पत्रातील मजकूर, ‘कृपादृष्टी’, ‘कृपाछत्र’, ‘कृपाकटाक्ष’ ही सामासिक पदे, या सर्वांमागे वरच्या स्थानी असलेल्या व्यक्तीची प्रसन्नता ही एकच कल्पना उभी आहे. ही प्रसन्नता सेवेने मिळते आणि अपराधाने जाते. ‘अनुग्रह’ हा त्याहून नेमका शब्द. पण मराठीत अनुग्रह गुरूकडून ‘घेतला’ जातो, आणि तो देताना गुरू शिष्याची पात्रता पाहतो.

कंधारसारख्या गावी या शब्दाची श्रुती आणखी संमिश्र आहे. गावात हाजी सय्या यांचा दर्गा आहे आणि तेथे नवस बोलणारे, फेडणारे एकाच धर्माचे नसतात. जिल्ह्याच्या उत्तर टोकाला माहूर हे दत्तात्रेयाचे स्थान दत्तसंप्रदायालाही पूज्य आणि महानुभावांनाही. जीवाला स्वतःच्या बळावर मोक्ष साधत नाही, परमेश्वर कृपावश होऊन अवतार धारण करतो आणि ज्ञान देतो, हा महानुभाव दर्शनाचा गाभाच आहे. मात्र त्या ज्ञानानंतर कठोर आचारधर्म येतो. नांदेडला १७०८ मध्ये गुरू गोविंदसिंगांचा देहान्त झाला. तेथील गुरुद्वारात नित्य पठण होणारा मूलमंत्र ईश्वराची ओळख सांगून अखेरीस ती गुरूच्या प्रसादाने घडते असे म्हणतो. त्याच ग्रंथात ज्यांची पदे समाविष्ट आहेत ते नामदेव शेजारच्या हिंगोली जिल्ह्यातील नरसीचे मानले जातात. तेव्हा या परिसरातून येणाऱ्या विद्यार्थ्याला कृपेची कल्पना परकी नाही. अडचण असलीच तर ती अतिपरिचयाची आहे.

वारकरी परंपरेने ही कल्पना पात्रतेच्या चौकटीबाहेर नेली, हेही येथे स्पष्ट केले पाहिजे. जनाबाईबरोबर दळू लागणारा विठ्ठल तिच्या साधनेचा हिशेब मांडत नाही. भागवताच्या सहाव्या स्कंधातील अजामिळ मरणसमयी आपल्या मुलाला हाक मारतो, ते नाव योगायोगाने नारायण असते, आणि तो तरून जातो. कीर्तनकारांनी शतकानुशतके सांगितलेली ही कथा विनाअट कृपेच्या अगदी निकट येते. मोरोपंतांच्या ‘केकावली’त तर भक्ताची अपात्रता हाच त्याचा देवावरील हक्क बनतो. दक्षिणेतील श्रीवैष्णवांमध्ये याच प्रश्नावरून दोन पंथ पडले. माकडिणीचे पिलू आईला स्वतः घट्ट धरून राहते, मांजरीचे पिलू काहीच करीत नाही, आईच त्याला तोंडात धरून नेते. जीवाची मुक्ती यांपैकी कोणत्या प्रकारची, हा तो वाद. रूडॉल्फ ओटो या जर्मन अभ्यासकाने १९३०च्या सुमारास भारतातील कृपाधर्म आणि ख्रिस्ती धर्म यांची तुलना केली ती या मार्जारन्यायाने चकित होऊनच. तेव्हा कृपेची कल्पना ख्रिस्ती धर्माकडून मराठीत आली असे म्हणणे अज्ञानाचे ठरेल. प्रश्न श्रेष्ठकनिष्ठतेचा नाही, वेगळेपणाचा आहे.

ते वेगळेपण नव्या करारातील पौलाच्या पत्रांत सर्वांत ठळकपणे दिसते. मूळ ग्रीक शब्द ‘खारिस’. त्यात सौंदर्य, प्रसन्नता, भेट आणि भेटीबद्दलची कृतज्ञता असे अर्थ एकत्र नांदतात. पौलाने या शब्दाला अर्थव्यवहाराच्या भाषेत ओढले. रोमकरांस लिहिलेल्या पत्राच्या चौथ्या अध्यायात तो म्हणतो ते साधारण असे : काम करणाऱ्याला जे मिळते ते कृपा नव्हे, ते देणे असते, मालक ते देऊन उपकार करीत नाही. त्याच पत्राच्या सहाव्या अध्यायाच्या शेवटी मराठी बायबलने दोन शब्द समोरासमोर ठेवले आहेत. पापाच्या बाजूला ‘वेतन’ आणि देवाच्या बाजूला ‘कृपादान’. मराठी ख्रिस्ती वाङ्मयाच्या अभ्यासकाला या एका शब्दजोडीतून जे मिळते ते पुष्कळ धर्मशास्त्रीय विवेचनातून मिळणार नाही. येथे कृपेचा विरुद्धार्थी शब्द कोप नाही, वेतन आहे. कृपा म्हणजे देवाची मर्जी बसणे नव्हे. जे कमावलेले नाही, कमावता येणार नाही आणि कमावण्याचा प्रयत्न केल्यास ज्याचे स्वरूपच नष्ट होते असे दान म्हणजे कृपा.

मत्तयाच्या शुभवर्तमानातील द्राक्षमळ्याचा दृष्टान्त याच जागी उभा आहे. मालक पहाटे मजूर लावतो, दुपारी आणखी लावतो, दिवस मावळायला तासभर उरला असतानाही नाक्यावर रिकामे उभे असलेल्यांना कामावर घेतो. संध्याकाळी सर्वांना सारखाच एक दीनार, म्हणजे पूर्ण दिवसाची मजुरी देतो. दिवसभर उन्हात राबलेले कुरकुर करतात. ही कुरकुर मराठवाड्याच्या वाचकाला समजावून सांगावी लागत नाही. १९७२च्या दुष्काळातील आणि पुढे १९७७च्या कायद्याने हमीचे रूप आलेल्या रोजगार हमीच्या कामांवर मजुरी मोजमापावर ठरत असे. किती माती उपसली, किती खडी फोडली यावर. हजेरीपटावरील नाव आणि खड्ड्याची खोली यांत फरक पडला तर भांडण होई आणि ते न्याय्यच असे. दृष्टान्तातील मालक मोजमापाची ही रीतच मोडतो. पहाटेच्या मजुरांचे तो काहीही बुडवीत नाही, ठरलेले देतो. त्यांना बोचतो तो दुसऱ्याला झालेला लाभ. सेवाभावी, कष्टाळू, नियमाने वागणारा माणूस कृपेमुळे दुखावला जातो, हे ख्रिस्ती कृपाविचारातील सर्वांत अवघड टोक या दृष्टान्ताने झाकून ठेवलेले नाही. लूकच्या शुभवर्तमानातील उधळ्या पुत्राच्या कथेतही घरी राहून राबलेला थोरला भाऊ अंगणात रुसून उभाच राहतो आणि तो आत गेला की नाही हे कथा सांगत नाही.

याच भागातील आणखी एक शब्द येथे उपयोगी पडतो : ‘उचल’. ऊसतोडीला जाणारे कुटुंब मुकादमाकडून हंगामापूर्वी उचल घेते. रक्कम आधी हातात पडते, श्रम नंतर करायचे असतात, आणि हिशेब फिटेपर्यंत माणूस बांधला जातो. कृपेचा पुष्कळसा प्रचलित अर्थ, ख्रिस्ती लोकांच्या बोलण्यातलासुद्धा, या उचलीच्या जवळचा आहे : देवाने आधी दिले, आता आयुष्यभर फेडा. पौलाच्या दृष्टीने हीही मजुरीच, फक्त तिचा क्रम उलटा. दान मिळाल्यावर जीवन बदलते हे त्याला मान्य आहे, किंबहुना त्याचा आग्रहच आहे. पण ते बदलणे ही परतफेड नव्हे. उजेड आल्यावर डोळे मिचकावतात, त्यात उजेडाची किंमत चुकती होत नाही.

मग ‘विनामूल्य’ या विशेषणाचे काय? मराठीत या अर्थाचे शब्द थोडे नाहीत आणि जवळजवळ प्रत्येकाला काही ना काही डाग आहे. ‘फुकट’ म्हटले की वस्तू हलकी ठरते, ‘फुकट्या’ ही शिवीच आहे. ‘खैरात’ मूळची पुण्यकृत्याची. मराठीत आता ती उधळपट्टीची. ‘भीक’ घेणाऱ्याला लाजविते, ‘बक्षीस’ चाकराला दिले जाते, ‘दान’ देणाऱ्याच्या पुण्याच्या खात्यावर जमा होते. ‘कृपादान’ हा जोडशब्द या सर्वांच्या मधून वाट काढतो. ‘दान’ने दात्याचे स्वातंत्र्य सांगितले आणि ‘कृपा’ने दात्याचा स्वार्थ काढून टाकला. याच्या जोडीला मराठी बायबलमध्ये ‘खंडणी’ हा शब्द येतो : ख्रिस्ताने पुष्कळांच्या मुक्तीसाठी आपला जीव खंडणी म्हणून दिला, ही मार्काच्या शुभवर्तमानातील कल्पना. आजच्या वृत्तपत्रांनी या शब्दाची जी दशा केली आहे ती पाहता नव्या वाचकाला येथे ठेच लागणार. पण अर्थ महत्त्वाचा आहे. घेणाऱ्याला जे विनामूल्य आहे ते देणाऱ्याला विनामूल्य नाही. वधस्तंभाविना ख्रिस्ती कृपेचा विचार अपुरा राहतो तो यामुळे. डीट्रिश बोनहोफर या जर्मन धर्मचिंतकाने १९३७ मध्ये ‘स्वस्त कृपे’वर केलेली कठोर टीका हीच गोष्ट नाझी राजवटीशी जुळवून घेणाऱ्या चर्चला सुनावण्यासाठी होती.

युरोपात या संकल्पनेवरून झालेल्या वादांचा इतिहास येथे विस्ताराने देण्याचे कारण नाही. माणूस स्वतःच्या संकल्पबळाने निष्पाप राहू शकतो या पेलागियसच्या मताला ऑगस्टीनने विरोध केला आणि ४१८च्या कार्थेज धर्मपरिषदेने ते मत त्याज्य ठरवले. सोळाव्या शतकात ल्यूथरने ‘केवळ कृपेने, केवळ विश्वासाने’ असा पक्ष मांडला. ट्रेंटच्या परिषदेने १५४७ मध्ये कृपेचे प्रथमत्व मान्य करून मानवी सहकार्याला आणि संस्कारांना जागा राखली. १९९९ मध्ये ऑग्सबर्ग येथे ल्यूथरन आणि रोमन कॅथलिक प्रतिनिधींनी संयुक्त घोषणेवर सह्या केल्या, त्यामुळे या भांडणाची धार पुष्कळ बोथट झाली. मराठीच्या अभ्यासकाला यातून एक नेमकी गोष्ट घ्यावयाची आहे. फादर थॉमस स्टीफन्स हे जेझुइट होते, ट्रेंटनंतरच्या पिढीतले. १६१६च्या त्यांच्या ‘ख्रिस्तपुराणा’तील तारणाची कल्पना चर्च, संस्कार आणि भक्ताची साथ यांसह उभी आहे, पुराणाच्या घाटाला ती सहज मानवते, कारण पुराणातही श्रवण, व्रत आणि फलश्रुती असतेच. याउलट १८१३ पासून मुंबईत आलेले अमेरिकन मिशनरी आणि त्यानंतरचे स्कॉटिश मिशनरी ल्यूथर-काल्व्हिनच्या परंपरेतले. जालन्याजवळ बेथेल ही वसाहत उभारणारे नारायण शेषाद्री याच स्कॉटिश धारेतले. मेथडिस्ट आले ते जॉन वेस्लीचा वारसा घेऊन. कृपा सर्वांसाठी मोकळी आहे, निवडक पूर्वनियोजितांसाठी नव्हे, हे वेस्लीने १७३९च्या आपल्या प्रसिद्ध प्रवचनात ठासून सांगितले होते. तेव्हा ‘मराठी ख्रिस्ती वाङ्मय’ असा एकच गठ्ठा करून त्यातील कृपेचा अर्थ शोधणे धोक्याचे आहे.

टिळकांच्या बाबतीत हा धोका विशेष जाणवतो. १८९३ मध्ये आगगाडीच्या प्रवासात एका युरोपियन सहप्रवाशाने त्यांना नवा करार दिला. त्यांना प्रथम भारून टाकले ते डोंगरावरील प्रवचनाने. म्हणजे नीतीच्या एका असाध्य वाटणाऱ्या आदर्शाने, कृपेच्या सिद्धान्ताने नव्हे. १० फेब्रुवारी १८९५ रोजी मुंबईत त्यांचा बाप्तिस्मा झाला. पुढे तुकारामाच्या पुलावरून आपण ख्रिस्ताकडे आलो असे ते सांगत, हे सर्वश्रुत आहे. मात्र हा पूल पार केल्यावर त्यांनी काय बदलले, हे क्वचितच पाहिले जाते. त्यांच्या अभंगांत ख्रिस्त गुरू आहे आणि त्याच वेळी माता आहे. ही गुरुमाउलीची प्रतिमा वारकऱ्यांचीच. तथापि टिळकांनी तिच्यातील गुरूचे अंग मातेच्या अंगात विरघळवले असे दिसते. गुरू पात्रता पाहतो, माता पाहत नाही. वेतन आणि दान यांतील पौलाचा भेद न्यायालयाच्या व बाजाराच्या भाषेत होता. टिळकांनी तो घराच्या भाषेत आणला. मुलाला पाजणाऱ्या आईला त्याची कमाई विचारण्याचा प्रश्नच येत नाही. हे भाषांतर अप्रतिम आहे, पण त्यात काही हरवलेही आहे. न्यायासनापुढे उभ्या असलेल्या दोषी माणसाची भीती मातेच्या मांडीवर उरत नाही आणि म्हणून टिळकांच्या अभंगांत निर्दोष ठरवले जाण्याचा दिलासा कमी, सहवासाची ओढ अधिक असते. १९१७ मध्ये त्यांनी मिशनची चाकरी सोडून साताऱ्याला ‘देवाचा दरबार’ सुरू केला आणि त्यात बाप्तिस्मा न घेतलेल्यांनाही स्थान दिले, ही घटना याच ओढीशी जोडून वाचता येते. लक्ष्मीबाईंची वाट आणखी निराळी. पतीच्या धर्मांतरानंतर त्या सुमारे पाच वर्षे दूर राहिल्या आणि १९०० मध्ये ख्रिस्ती झाल्या. ‘स्मृतिचित्रे’ मध्ये सिद्धान्त जवळजवळ नाहीच. सोवळेओवळे रोजच्या जगण्यात हळूहळू गळून पडत जाते. कृपा हा शब्द न उच्चारता कृपेबद्दल लिहिता येते याचे ते पुस्तक उत्तम उदाहरण आहे.

येथे एक सामाजिक आक्षेप टाळून चालणार नाही. १८७६-७७ आणि १८९६-१९०० या दुष्काळांच्या काळात अहमदनगर आणि आसपासच्या प्रदेशात मिशनांनी अन्न दिले, मुले सांभाळली आणि त्या काळात धर्मांतरेही झाली. ‘पोटासाठी ख्रिस्ती झाले’ हा शेरा तेव्हापासून चिकटला आहे. विनामूल्य कृपेचा उपदेश आणि विनामूल्य धान्य एकाच दारातून मिळत असताना दान कोठे संपते आणि आमिष कोठे सुरू होते, हा प्रश्न योग्यच होता. मात्र तो विचारणाऱ्यांनी एक गोष्ट दुर्लक्षिली. ज्यांचा जन्मच मागल्या जन्मीच्या पापाचे वेतन म्हणून समजावला गेला होता, त्यांच्या कानांना ‘कमावलेले नाही, तरी तुझे आहे’ हे शब्द कसे लागले असतील, हा प्रश्न धान्याच्या हिशेबाने सुटत नाही. चोखामेळ्याच्या अभंगांतील जन्माविषयीची व्यथा ज्याने वाचली आहे त्याला तो सहज कळेल.

रमाबाईंच्या जीवनात या संकल्पनेचा सर्व भार एकवटलेला दिसतो. १९०७ मध्ये प्रसिद्ध झालेल्या इंग्रजी आत्मनिवेदनात त्यांनी आपल्या बालपणाचे जे चित्र काढले आहे ते पुण्य कमावण्याच्या अखंड उद्योगाचे आहे. वडील अनंतशास्त्री डोंगरे पुराणे सांगत, तीर्थाहून तीर्थाला जात. मिळकत दानधर्मात जाई, उपास आणि व्रते चालत. १८७४च्या सुमारास दुष्काळात वडील गेले, काही महिन्यांच्या अंतराने आई आणि बहीण गेल्या. भाऊ १८८० मध्ये वारला. इतक्या पुण्यसंचयाचे वेतन हे! पुढे कलकत्त्यात धर्मशास्त्रे अभ्यासताना त्यांना आढळले की ग्रंथांचे अनेक बाबतींत मतभेद असले तरी स्त्री आणि शूद्र यांना मोक्षाचा अधिकार नाही याबद्दल त्यांच्यात एकमत आहे. म्हणजे कमाईच्या व्यवस्थेत ज्यांना कामावरच घेतले जात नव्हते, अशांपैकी त्या एक होत्या.

२९ सप्टेंबर १८८३ रोजी इंग्लंडमध्ये वाँटेज येथे त्यांनी बाप्तिस्मा घेतला. त्याआधी तेथील भगिनींनी त्यांना लंडनमधील फुलम येथील आश्रयगृह दाखवले होते. समाजाने टाकलेल्या स्त्रियांची सेवा तेथे प्रेमाने होत होती. हे तुम्ही का करता, असे रमाबाईंनी विचारले तेव्हा एका भगिनीने त्यांना योहानाच्या शुभवर्तमानातील शोमरोनी स्त्रीची कथा वाचून दाखवली. या अनुभवाने त्या हलल्या. आणि तरीही १८८३ची रमाबाई कृपेच्या सिद्धान्तापाशी पोहोचलेली नव्हती, ही त्यांची स्वतःची साक्ष आहे. आपल्याला ख्रिस्ती धर्म मिळाला होता, ख्रिस्त मिळाला नव्हता, अशा आशयाचे त्या लिहितात. भगिनी जेराल्डिन यांच्याशी झालेला त्यांचा पत्रव्यवहार, जो १९७७ मध्ये अ. भि. शहा यांच्या संपादनाने प्रकाशात आला, वाचला म्हणजे या आठ वर्षांत त्यांचे मन कोठे अडकले होते हे दिसते : अधिकार, सिद्धान्त, आज्ञापालन. एका कर्मकांडातून सुटून दुसऱ्या आज्ञापालनात सापडल्याची धास्ती त्या पत्रांत आहे. १८९१च्या सुमारास विल्यम हॅस्लम या इंग्लिश धर्मोपदेशकाचे आत्मकथन त्यांच्या हाती आले. धर्मगुरू म्हणून वर्षे काढल्यावर स्वतःच्याच प्रवचनाने ज्याचे हृदयपरिवर्तन झाले असा हा मनुष्य. आपण काही मिळवून देवापुढे जायचे नाही, रिकाम्या हातांनी जायचे आहे, हे रमाबाईंना त्यानंतर उमगले.

या दोन टप्प्यांतील अंतर न ओळखल्यामुळे रमाबाईंच्या धर्मांतराचे मूल्यमापन बहुधा १८८३ वरच थांबते. समर्थक त्यात बंडखोरी पाहतात, टीकाकार परकीयांचा प्रभाव पाहतात. दोघांच्याही विवेचनात १८९१ येत नाही. वास्तविक शारदासदन १८८९ मध्ये निघाले ते पहिल्या टप्प्यात, आणि केडगावच्या मुक्तिसदनाची सर्व उभारणी दुसऱ्या टप्प्यातली. १८९६ नंतरच्या दुष्काळात मध्य प्रांतातून आणि अन्यत्र त्यांनी ज्या शेकडो मुली आणल्या त्यांची जात, कुळ वा योग्यता पाहिली नव्हती. शारदासदन मुख्यतः उच्चवर्णीय विधवांसाठी होते हे लक्षात घेता हा बदल मोठा आहे. आमिषाचा आक्षेप त्यांच्यावरही घेतला गेला आणि तो पूर्णपणे निराधार होता असे म्हणता येणार नाही, कारण मुक्तिसदनाचे वातावरण उघडपणे ख्रिस्ती होते.

आयुष्याच्या अखेरच्या पर्वात त्यांनी हिब्रू आणि ग्रीक शिकून संपूर्ण बायबल सोप्या मराठीत आणले. सदनातील मुलींना कळेल अशी भाषा हवी आणि तीत वैदिक-पौराणिक अर्थांनी भारलेले संस्कृत शब्द होता होईतो नकोत, असा त्यांचा कटाक्ष होता. शब्दाबरोबर जुनी हिशेबपद्धती परत येते, हे त्यांनी ओळखले असावे. ५ एप्रिल १९२२ रोजी त्या वारल्या. बायबल १९२४ मध्ये प्रसिद्ध झाले. केडगावच्या आवारात वेगवेगळ्या गरजांसाठी वेगवेगळी सदने होती. त्यांपैकी फुलमच्या धर्तीवरचे, ज्या स्त्रियांना समाज पतित म्हणे त्यांच्यासाठी काढलेले जे गृह होते, त्याचे नाव त्यांनी कृपासदन असे ठेवले होते.